गोदामाला आग लागली की जवान बाहेरूनच पाणी का मारतात?

वडवानल

भिवंडी पट्ट्यात गोदाम पेटलं की तासाभरात व्हिडिओ फिरायला लागतात, आणि खाली हमखास एक प्रतिसाद असतो: "एवढे बंब आले, पण जवान लांब उभे राहून पाणी मारतायत. आत कुणी जातच नाही." मागे इथल्याच एका धाग्यावर तसं वाचलं, म्हणून हा वेगळा धागा काढतोय. मी एका महापालिकेच्या अग्निशमन दलात फायरमन म्हणून लागलो आणि केंद्र अधिकारी म्हणून निवृत्त झालो. लांब उभं राहायचं, हा त्या रात्रीचा सगळ्यात अवघड हुकूम असतो. तो देणाऱ्याला आपल्याच जवानांच्या नजरा झेलाव्या लागतात. तो कसा ठरतो ते सांगतो.

१०१ वर फोन आला की कंट्रोल रूम तीन गोष्टी विचारते. कुठे, काय जळतंय, आत माणसं आहेत का. पहिल्याचं उत्तर मिळतं. दुसऱ्याला "गोदाम जळतंय" एवढंच. तिसऱ्याला "माहीत नाही". तेवढ्यावर गाड्या सुटतात. बंब स्टेशनच्या दारातून बाहेर पडायला फारसा वेळ लागत नाही, वेळ जातो रस्त्यात. मानकोली नाका किंवा अंजूरफाट्यावरची कंटेनरची रांग ज्यांनी पाहिली आहे त्यांना अधिक सांगायला नको.

पहिल्या गाडीवरचा अधिकारी उतरल्या उतरल्या होज, म्हणजे पाण्याचा पाइप, हातात घेत नाही. जमेल तेवढी इमारतीला फेरी मारतो. कोणत्या शटरचा रंग उडालाय, पत्रा कुठे फुगलाय, छप्पर पत्र्याचं की स्लॅबचं, शेजारच्या गाळ्याची भिंत वरपर्यंत आहे की मध्येच संपते, विजेची लाइन कुठून येते, पाणी कुठे मिळेल. सगळ्यात जास्त बघायचा तो धूर. पांढरट, सावकाश वर जाणारा धूर असेल तर अजून थोडा वेळ हातात आहे. काळा, दाट धूर दाबाने फटींतून बाहेर पडत असेल, मध्येच आत ओढला जात असेल आणि पुन्हा बाहेर येत असेल, तर आत उष्णता आणि जळण्याजोगे वायू कोंडलेत, कमी आहे ती फक्त हवा. अशा वेळी कुणी उत्साहाने शटर वर केलं तर ती हवा आपण आत पाठवतो आणि सगळं एकदम भडकून दारातूनच बाहेर येतं. म्हणून कधी कधी तुम्हाला दिसतं की जवान शटरसमोर उभे आहेत पण उघडत नाहीत. बाजूने भोक पाडून आधी आत पाणी सोडायचं, वर धुराला वाट करून द्यायची आणि मग उघडायचं, असा तो क्रम असतो.

फेरी झाली की वॉकीटॉकीवर निरोप जातो. मुंबईत लेव्हल एक ते चार आणि त्याच्यावर ब्रिगेड कॉल, अशी चढण आहे. पेपरात "लेव्हल तीनची आग" वाचून लोक आगीची तीव्रता समजतात. दलासाठी ती मदतीची मागणी असते: किती गाड्या, किती टँकर, कोणत्या हुद्द्याचा अधिकारी घटनास्थळी यायला हवा. अनुभवी अधिकारी ही मागणी थोडी आधीच करतो, कारण आलेल्या गाड्या परत पाठवता येतात, न मागवलेल्या गाड्या मात्र गर्दीतून अर्ध्या तासाने पोचतात.

मग खरे दोन प्रश्न. आत माणूस आहे का, आणि माल काय आहे. माणूस असण्याची शक्यता असेल आणि तो जिवंत असू शकेल अशी जागा शिल्लक असेल, तर दल मोठा धोका पत्करतं. वाचण्यासारखा माल असेल तर थोडा धोका पत्करतं. जे आधीच जळून गेलंय त्याच्यासाठी एकाही जवानाचा जीव लावायचा नाही. हे वाक्य आम्ही प्रशिक्षणात ऐकतो, पण तिथे, गर्दीच्या शिव्या ऐकत ते पाळणं निराळं.

प्रश्न असतील तर विचारा, जमेल तशी उत्तरं देतो.

पाटील_काल्हेर

चांगला धागा. काका, एक विचारतो, राग मानू नका. मागे आमच्याकडच्या एका आगीत टँकर आले, पाच-सहा मिनिटं पाणी मारलं आणि मग नुसते उभे. लोक चिडले. पाणी न भरताच आले होते का?

वडवानल

राग कसला. हिशेब करून बघा. हाताने धरायच्या एका होजमधून साधारण ४५० लिटर पाणी मिनिटाला जातं. गोदामाच्या आगीत त्याने फार काही होत नाही, म्हणून मॉनिटर लावतात, म्हणजे गाडीवरची किंवा जमिनीवर ठेवलेली मोठी तोफ. ती मिनिटाला २,००० लिटर घेते. १२,००० लिटरचा टँकर तिला सहा मिनिटं पुरतो. चारी बाजूंनी चार मॉनिटर चालवले तर तोच टँकर दीड मिनिटात रिकामा. म्हणजे तुम्ही पाहिलेली पाच-सहा मिनिटं म्हणजे भरलेला टँकरच होता.

म्हणून मोठ्या आगीत एक अधिकारी फक्त पाण्याच्या मागे असतो. जवळचं तळं, विहीर, खाडी, कारखान्याची टाकी, कुठूनही उचलायचं, एका पंपाने दुसऱ्याला आणि दुसऱ्याने तिसऱ्याला द्यायचं. टँकरच्या फेऱ्या अखंड चालाव्यात यासाठी जायचा रस्ता वेगळा आणि यायचा वेगळा ठेवावा लागतो. बघ्यांची मोटरसायकल त्या रस्त्यात उभी असली की सगळी साखळी थांबते. होजवरून गाडी घातली तर होज फुटते, आणि आत दोन जवान त्याच पाण्याच्या भरवशावर असतात.

अनुजा_क

पाणी कशामुळे विझवतं हे शाळेत शिकले ते विसरले. एवढं पाणी नुसतं वाहूनच जातं ना?

वडवानल

बरंचसं वाहून जातं, हे खरं. जे पाणी आगीपर्यंत पोचून वाफ होतं तेच काम करतं. एका लिटरची साधारण १,७०० लिटर वाफ होते आणि ती होताना खूप उष्णता शोषून घेते. बाहेरून मारलेला फवारा पत्र्यावर आपटून खाली आला तर आगीला त्याची खबरही नसते. म्हणून छप्पर कोसळलं की बाहेरचे लोक हळहळतात, आणि आम्हाला मात्र पहिल्यांदा पाणी मालावर टाकता येतं.

शिवाय पाणी म्हणजे वजन. २,००० लिटर म्हणजे मिनिटाला दोन टन. भिवंडीत तळमजला अधिक दोन मजले अशी स्लॅबची गोदामं खूप आहेत. वरच्या मजल्यावर कापडाच्या गाठी असतील तर त्या पाणी पितात, फुगतात, भिंतींना बाहेर ढकलतात. आगीने स्लॅब आधीच कमकुवत झालेला, त्यावर हे ओझं. अशा इमारतीत तळमजल्यावर विझलेलं दिसलं तरी आत पाठवत नाहीत.

लोखंडे_संरचना

व्यवसायाने संरचना अभियंता आहे, थोडी भर घालतो. हल्लीची मोठी गोदामं लोखंडी सांगाड्याची असतात. लोखंड जळत नाही म्हणून लोकांना ते सुरक्षित वाटतं. पण साधारण ५५० ते ६०० अंशांना त्याची निम्मी ताकद जाते, आणि गोदामातली आग ८००-१,००० अंशांपर्यंत सहज जाते. त्याच्या आधीच ते लांब होतं. ३० मीटरची तुळई ५०० अंशांनी तापली तर जवळपास १८ सेंटिमीटर वाढते. दोन्ही बाजूंना जागा नसेल तर ती भिंतीला लाथ मारते. छप्पर आत पडतं आणि भिंत बाहेर पडते, ते यामुळे. पातळ लोखंडी कैच्यांचं, म्हणजे त्रिकोणी चौकटींवर पेललेलं छप्पर तर आधी काही खूण न दाखवता खाली येतं. अमेरिकेत चार्ल्सटनला १८ जून २००७ रोजी एका फर्निचरच्या दुकानाला आणि त्याच्या गोदामाला आग लागली. लोखंडी कैच्यांचं छप्पर, आगीवर आपोआप पाणी फवारणारे स्प्रिंकलर नाहीत. आत गेलेले नऊ अग्निशामक परत आले नाहीत.

वडवानल

अगदी बरोबर. म्हणूनच भिंतीच्या उंचीच्या दीडपट अंतर मोकळं ठेवतात. १२ मीटरची भिंत असेल तर १८ मीटरच्या आत गाडीही नको आणि माणूसही नको. व्हिडिओत "लांब उभे" दिसतात ते हे अंतर. कोपऱ्यावर उभं राहणं त्यातल्या त्यात बरं, कारण भिंती शक्यतो मधून पडतात. मोठी शिडी असेल तर तिच्या टोकावरून, वरूनच पाणी.

मानकोलीकर

मी गोदामातच सुपरवायझर आहे. काका, तुम्ही म्हणता माल काय आहे ते विचारतात. आमच्याकडे सकाळी डायपर आणि बिस्किटं असतात, संध्याकाळी परफ्यूमचे बॉक्स येतात, रात्री कुणाचं तरी केमिकलचं पिंप "फक्त दोन दिवस ठेवा" म्हणून येतं. कोणत्या रॅकला काय आहे हे कंप्युटरवर असतं आणि कंप्युटर आत असतो. आधी मी दुसरीकडे होतो, तिथे आग लागली तेव्हा अधिकाऱ्याने वॉचमनला विचारलं आणि वॉचमन म्हणाला, "साहेब, खोके आहेत." तो बिचारा खोटं बोलत नव्हता.

वडवानल

मानकोलीकर, हा प्रतिसाद माझ्या लेखापेक्षा मोलाचा आहे. "खोके आहेत" हे वाक्य मीही ऐकलंय.

तुम्ही एवढं करा. दिवसाच्या शेवटी जो माल आत आहे त्याची एका पानाची यादी काढा आणि इमारतीबाहेर, गेटवरच्या चौकीत ठेवा. पूर्ण स्टॉक नको. फक्त पेट घेणारे द्रव, स्प्रेचे कॅन, गॅस सिलिंडर, बॅटऱ्या, कीटकनाशकं, खतं, आणि ज्या पिंपावर धोक्याची खूण आहे ते सगळं. कोणत्या बाजूला आणि अंदाजे किती. सोबत साधा नकाशा: शटर, जिने, विजेचं मेन, पाण्याची टाकी. छपरावर सोलर असेल तर तेही लिहा, कारण बाहेरून वीज तोडली तरी उन्हात त्या पॅनेलमध्ये वीज तयार होतच राहते. आणि रात्री आत कोण झोपतं त्यांची नावं. पोटमाळ्यावर झोपणारी मुलं कागदावर कुठेच नसतात, याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते.

रसायनवाले_सर

कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. माल माहीत असणं का महत्त्वाचं, याची उदाहरणं द्यावीशी वाटतात.

कॅल्शियम कार्बाइडवर पाणी पडलं की ॲसिटिलीन तयार होतो, म्हणजे आपण आगीला गॅसच पुरवतो. धान्याच्या गोदामात कीड मारायला ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या वापरतात, त्यांना ओल लागली की फॉस्फिन निघतो. तो विषारीही आहे आणि पेटणाराही. हायड्रोजन पेरॉक्साइड, अमोनियम नायट्रेट हे स्वतः इंधन नसले तरी आगीला ऑक्सिजन देतात.

बैरूत बंदरात ४ ऑगस्ट २०२० रोजी गोदाम क्रमांक १२ ला आग लागल्याचा कॉल आला. दहा जणांची तुकडी गेली, त्यात एक पॅरामेडिक तरुणी होती. आत वर्षानुवर्षं पडून असलेलं २,७५० टन अमोनियम नायट्रेट आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ते गोदामाचं दार उघडण्याच्या खटपटीत असतानाचा फोटो जगभर गेला. दहाही जण गेले. बांगलादेशात सीताकुंडच्या कंटेनर डेपोत ४ जून २०२२ च्या रात्री तसंच झालं. कंटेनरमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि अग्निशामकांना ते माहीत नाही. तिआनजिन, १२ ऑगस्ट २०१५: मृत आणि बेपत्ता मिळून १७३, त्यातले शंभरावर अग्निशामक. तिन्ही ठिकाणी मालाची माहिती कुणाकडे तरी होती. ती होज धरणाऱ्यापर्यंत पोचली नाही.

वडवानल

सर, आपल्या मुंबईचंही यात जोडा. १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया डॉक, फोर्ट स्टिकिन जहाज. कापसाच्या गाठी आणि स्फोटकं एकाच जहाजात. विझवायला गेलेले ६६ अग्निशामक त्या दुपारी गेले. १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह देशभर पाळतात तो त्यांच्या स्मरणार्थ. शाळांमधून दरवर्षी प्रात्यक्षिकं होतात, पण तारीख कुठून आली ते मुलांना सांगितलं जातंच असं नाही. सांगायला हवं.

स्वानंदी

सगळं पटलं तरी एक बोलतेच. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाचा मुलगा अशाच गोदामात होता. दल आलं, पण आत जायला त्यांनी वेळ घेतला असं घरचे आजही म्हणतात. त्या आईला तुम्ही दीडपट अंतर आणि लोखंडाची ताकद सांगणार का?

वडवानल

नाही सांगणार, ताई. तिच्यासमोर मी गप्प बसेन.

पण तुम्ही विचारलंत म्हणून तुम्हाला सांगतो. आत जाणारे नेहमी जोडीने जातात, पाठीवर बीए सेट, म्हणजे श्वासासाठी हवेचा सिलिंडर आणि मास्क. सिलिंडर ६ लिटरचा, ३०० बार दाबाने भरलेला, म्हणजे १,८०० लिटर हवा. कागदावर ती ४५ मिनिटं पुरते. गुडघ्यांवर रांगत, होज ओढत, त्या उष्णतेत ती २५-३० मिनिटांत संपत येते. दाब ५५ बारच्या आसपास आला की शिट्टी वाजायला लागते. शिट्टी वाजल्यावर परत फिरायचं असं लोकांना वाटतं. मोठ्या गोदामात तसं केलं तर माणूस अर्ध्या रस्त्यातच संपतो. आत जाताना किती हवा लागली ते बघून, परतीला तेवढी आणि वर थोडी शिल्लक असतानाच फिरावं लागतं. म्हणजे आत शोधायला उरतात जेमतेम काही मिनिटं. घराच्या आगीत भिंतीला हात लावून चाललं तर दार सापडतं. गोदामात भिंत सोडली की रॅकांच्या गल्ल्या, सगळ्या सारख्या, स्वतःचा हात दिसत नाही इतका धूर. म्हणून दोर बांधून जातात आणि बाहेर एक जण फळ्यावर लिहीत बसतो: कोण गेलं, किती वाजता, किती दाब. तो माणूस कुणालाही सोडून चहा प्यायलाही हलत नाही.

मुलगा कुठल्या बाजूला असेल हे कुणी सांगू शकलं तर ती काही मिनिटं पुरू शकतात. "कुठेतरी आत आहे" म्हटलं तर ५०,००० चौरस फुटांत ती कुठेच पुरत नाहीत.

बोस्टनस्थ

बोस्टनजवळ राहतो. वर्सेस्टर हे गाव इथून तासाभरावर आहे. तिथली ३ डिसेंबर १९९९ ची आग इथल्या प्रत्येक अग्निशामकाला तोंडपाठ असते.

सहा मजली जुनं शीतगृह, १९०६ सालचं, बंद पडलेलं. शीतगृह म्हणून वरच्या मजल्यांना जवळपास खिडक्याच नाहीत, विटांच्या जाड भिंतींना आतून बुचाचे आणि फोमचे थर. एक बेघर जोडपं तिथे राहत होतं. त्यांच्याकडून मेणबत्ती कलंडली, ते विझवू शकले नाहीत आणि कुणाला न सांगता निघून गेले. दल आलं तेव्हा आत बेघर लोक असतील असं कळलं, म्हणून शोधायला आत गेले. दोघं वरच्या मजल्यावर धुरात वाट चुकले, हवा संपत आल्याचं रेडिओवर सांगत राहिले. त्यांना काढायला गेलेले आणखी चौघेही परतले नाहीत. बाहेरचे जवान अजूनही आत जायला निघाले होते. तेव्हा माइक मॅकनामी या अधिकाऱ्याने दारात उभं राहून आपल्या माणसांना अडवलं आणि आता कुणीही आत जायचं नाही असं सांगितलं.

ज्यांना शोधायला गेले ते दोघं केव्हाच बाहेर पडले होते. सहाही जणांना ढिगाऱ्यातून काढायला आठ दिवस लागले. त्यानंतर या राज्यात धोकादायक रिकाम्या इमारतींवर लाल पाटी लावतात, त्यावर पांढरी खूण. ती दिसली की आत जाण्यापूर्वी अधिकारी थांबून विचार करतो. त्या जागेवर आता अग्निशमन केंद्र आहे.

स्वानंदी

वाचून सुन्न झाले. वडवानलजी, उत्तराबद्दल आभार. मी तुमच्यावर रोष काढायला नको होता.

वडवानल

ताई, तुमचा प्रश्न विचारायलाच हवा होता. बोस्टनस्थ, हे इतक्या नीट लिहिल्याबद्दल ऋणी आहे. दारात उभं राहून आपल्याच माणसांना अडवणारा अधिकारी माझ्या मते त्या रात्री सगळ्यात धैर्याचं काम करत होता.

गिरणगावकर

गोदाम तीन-तीन दिवस धुमसतं ते का? पेपरात "कूलिंग सुरू" असं येतं आणि लोकांना वाटतं की वेळकाढूपणा चाललाय.

वडवानल

कापूस, सूत, कापड, कागदाचे रोल यांच्या गाठी घट्ट दाबलेल्या असतात. वरून विझलेली गाठ चुलीतल्या गोवरीसारखी आतून धुमसत राहते. पाणी वरच्या थरात अडतं. म्हणून जेसीबी आणून भिंत फोडायची, एकेक गाठ ओढून बाहेर मोकळ्या जागी न्यायची, फोडायची, भिजवायची. दोनशे गाठी असतील तर दोनशे वेळा. हे न करता दल परत गेलं तर रात्री तेच गोदाम पुन्हा पेटतं आणि पुन्हा "काय केलं यांनी" हे ऐकावं लागतं.

तिसऱ्या दिवशी तिथे कॅमेरे नसतात. जवान तेच असतात, पाळी बदलून. ढिगाऱ्यातून प्लॅस्टिक, रबर, रंग यांचा धूर येत असतो, आणि आग मोठी दिसत नाही म्हणून मास्क काढून काम करण्याचा मोह होतो.

फायरमनची_मुलगी

याच वाक्यावर लिहायला लॉगिन केलं. माझे वडील मोठ्या आगीवरून घरी आले की दोन दोन दिवस नाक शिंकरलं तरी काळं यायचं. उशीचा अभ्रा आई वेगळा धुवायची. डांगरी घरीच यायची, आमच्याच कपड्यांबरोबर बादलीत भिजायची. धुराचा तो वास आम्हाला बाबांचाच वाटायचा, लहानपणी आवडायचासुद्धा. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अग्निशामकाचं काम हेच कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात टाकलं. ते वाचलं त्या दिवशी मला ती बादली आठवली. इथे जे दलात आहेत त्यांना हात जोडून सांगणं: गणवेश घरी आणू नका, आणि कूलिंगला मास्क काढू नका.

काळबादेवीची आग झाली तेव्हा, ९ मे २०१५ ला, बाबा रात्रभर रेडिओजवळून उठले नव्हते. गोकुळ निवास कोसळलं, चार अधिकारी गेले. प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर आणि उपप्रमुख सुधीर अमीन यांच्यापर्यंत सगळे पुढे उभे होते. आमच्याकडे साहेब मागे राहत नाहीत, एवढंच बाबा म्हणाले.

वडवानल

बेटा, तुझ्या वडिलांना माझा नमस्कार सांग. गणवेश स्टेशनवरच धुण्याची सोय, दुसरा जोड, आणि आगीवरून परतल्यावर तिथेच अंघोळ, हे मी नोकरीत असताना मागत होतो. ते प्रत्येक केंद्रात व्हायलाच हवं.

ॲड_देशमुख

कायद्याचं थोडं. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची आहे. परवानाधारक एजन्सीकडून तपासून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, नमुना "ब" मधलं प्रमाणपत्र द्यायचं असतं. माझ्याकडे येणाऱ्या भाडेकरूंपैकी बऱ्याच जणांना हे ठाऊकच नसतं. मालक म्हणतो भाडेकरूने बघायचं, भाडेकरू म्हणतो मालकाने. भाडेकरारात एक ओळ टाका: यंत्रणा कोण सांभाळणार आणि प्रमाणपत्र कोण काढणार.

वडवानल

आणि ते प्रमाणपत्र नुसतं फाइलला लावू नका, पंप प्रत्यक्ष चालवून बघा. स्प्रिंकलरबद्दल लोकांचा गैरसमज असतो की एक फुटला की सगळे फुटतात आणि माल भिजतो. तसं होत नाही. प्रत्येकाला काचेची छोटी नळी असते, लाल असेल तर ६८ अंशांना फुटते, आणि आगीच्या वरचे तेवढेच सुरू होतात. दल पोचायच्या आधीच्या पहिल्या काही मिनिटांत आगीवर पाणी टाकणारं गोदामात दुसरं कुणी नसतं. मात्र १०-१२ मीटर उंच रॅक असतील तर छपराचे साधे स्प्रिंकलर पुरत नाहीत. त्यासाठी वेगळी रचना लागते, ती जाणकाराकडूनच करून घ्यावी. आणि माल स्प्रिंकलरला टेकेपर्यंत रचला तर पाणी पसरायला जागाच उरत नाही. हे मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की इथे ठळक अक्षरांत लिहावंसं वाटतं.

रसायनवाले_सर

अवांतर होईल, पण एक राहिलं. कधी कधी जळू देणं हाच शहाणपणाचा निर्णय असतो. स्वित्झर्लंडमध्ये बाझेलजवळ १ नोव्हेंबर १९८६ ला सँडोझ कंपनीचं रसायनांचं गोदाम पेटलं. आग विझवली, पण ते पाणी कीटकनाशकं घेऊन ऱ्हाईन नदीत गेलं. नदी लाल झाली, खाली दूरवर मासे मेले, वाम तर लाखाच्या घरात. तेव्हापासून रसायनांच्या गोदामात विझवलेलं पाणी अडवायची सोय आधीच करण्यावर युरोपात भर आहे.

वडवानल

अवांतर कसलं, सर. आपल्याकडे ते पाणी नाल्यातून खाडीत जातं आणि खाडीवर मासेमारी करणारी माणसं आहेत. पाणी मारायच्या आधी ते कुठे जाईल हे बघणं आणि वाळूच्या गोण्या टाकून नाला अडवणं, हे अधिकाऱ्याच्या कामातच यायला हवं.

पाटील_काल्हेर

शेवटचं विचारतो. आमचं घर गोदामांच्या मागेच आहे. आग लागली तर घरात थांबायचं की निघायचं?

वडवानल

धूर तुमच्या दिशेने येत नसेल आणि पोलिसांनी किंवा दलाने निघायला सांगितलं नसेल तर घरात थांबा. खिडक्या-दारं बंद करा, फटीत ओले टॉवेल लावा, पंखा चालेल पण बाहेरची हवा आत ओढणारा एक्झॉस्ट आणि कूलर बंद. धूर घरावर येत असेल तर वाऱ्याला आडवं निघा. वाऱ्याच्या दिशेने पळत सुटलात तर धूर सोबतच येतो. तोंडाला ओला रुमाल बांधला तर काजळी थोडी अडते, विषारी वायू अडत नाही, त्यामुळे रुमाल बांधून बघायला जाऊ नका. घरचे सिलिंडर बंद करा. म्हाताऱ्यांना आणि दम्याच्या माणसांना आधी हलवा, तेही धूर दाट व्हायच्या आत. निघताना गाडी गोदामाच्या रस्त्यावर सोडू नका.

आणि शेजारच्या गोदामात रात्री कोण झोपतं हे तुम्हाला माहीत असेल, तर गेटवर जाऊन पहिल्या गाडीवरच्या अधिकाऱ्याला शोधा आणि सांगा: किती जण, कोणत्या मजल्यावर, कोणत्या जिन्याजवळ.